'सायको' चित्रपट मुलांना दाखवावा का?



मुलांचे आरोग्य म्हटले की आपल्याला लसीकरण, हिमोग्लोबिन, जंत, दात, चष्मा या गोष्टी आठवतात. मुलाची झोप आणि मुलाची भीती हासुद्धा आरोग्याचाच विषय आहे, हे मात्र आपण विसरतो. मूल रात्री दचकून उठते, एकटे मोरीत जायला तयार नसते, दिवा मालवू देत नाही, तेव्हा 'काहीतरी बघितले असेल' असे म्हणून आपण कूस बदलतो. त्याने काय बघितले, ते बघण्याचे त्याचे वय होते का, आणि हे कोणी ठरवायचे, याचा आज एका प्रसिद्ध चित्रपटाच्या आधारे अभ्यास करू.

चित्रपट आहे 'सायको'. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, साल १९६०, देश अमेरिका. मानसशास्त्रीय थरारपटांचा हा मूळपुरुष मानला जातो. चित्रपटकलेच्या अभ्यासक्रमात तो असतो. कॉलेजात जाणारी मुले त्याचे नाव ऐकून घरी येतात आणि मोबाईलवर किंवा टीव्हीवर लावतात. घरात खोली एकच असेल तर त्याच वेळी धाकटी भावंडेही तिथेच असतात. म्हणून हा प्रश्न फक्त सिनेमाच्या शौकिनांचा नाही, तो आपल्या घरातला आहे.

(पुढे चित्रपटाचा शेवट सांगितला आहे. पालकांना निर्णय घ्यायचा तर संपूर्ण कथा माहीत हवी.)

चित्रपटात नेमके काय आहे?

फिनिक्स शहरातल्या एका कार्यालयात काम करणारी मॅरियन क्रेन ही तरुणी. लग्न पैशांवाचून अडले आहे. मालकाने बँकेत भरायला दिलेले चाळीस हजार डॉलर घेऊन ती गाडीने पळते. वाटेत पाऊस लागतो आणि ती एका आडबाजूच्या मोटेलमध्ये उतरते. मोटेल म्हणजे हमरस्त्यालगतचे, गाडी दारात लावून राहायचे लहान लॉज. ते चालवणारा नॉर्मन बेट्स हा लाजाळू, मऊ बोलणारा तरुण. मागे टेकाडावर त्याचे जुने घर आणि त्या घरातून ऐकू येणारा त्याच्या आईचा करडा आवाज. नॉर्मनशी बोलल्यावर मॅरियनला आपली चूक उमगते. परत जाऊन पैसे द्यायचे ती ठरवते, आंघोळीला जाते आणि शॉवरखाली तिचा खून होतो. चित्रपटाला सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम पाऊण तास झालेला असतो.

पुढे तिला शोधत आलेल्या खासगी गुप्तहेराचा जिन्यावर खून होतो. शेवटी मॅरियनची बहीण त्या घराच्या तळघरात शिरते. पाठमोऱ्या बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या खांद्याला हात लावते, खुर्ची फिरते आणि समोर वाळलेला सांगाडा दिसतो. त्याच क्षणी आईचे कपडे आणि केसांचा टोप घातलेला नॉर्मन सुरा घेऊन धावून येतो. त्याने दहा वर्षांपूर्वीच आईला विष देऊन मारलेले असते. तिचे प्रेत त्याने जपून ठेवलेले असते आणि तिच्या आवाजात तो स्वतःशीच बोलत असतो. पोलीस ठाण्यात एक मनोविकारतज्ज्ञ या सगळ्याचा अर्थ समजावून सांगतो.

याशिवाय पालकांनी नोंद घ्यावी अशा आणखी दोन गोष्टी आहेत. पहिल्याच प्रसंगात हॉटेलच्या खोलीत मॅरियन आणि तिचा प्रियकर अर्ध्या कपड्यांत आहेत. पुढे नॉर्मन भिंतीतल्या भोकातून तिला कपडे उतरवताना चोरून पाहतो. आजच्या मानाने ही दृश्ये फार उघडी नाहीत. पण चोरून पाहण्याचा प्रसंग कॅमेरा नॉर्मनच्या डोळ्याने दाखवतो, म्हणजे पाहणारे मूलही त्या भोकाला डोळा लावून बसते. ते काय पाहत आहे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

'जुना आहे, कृष्णधवल आहे, मग काय होते?'

पुष्कळ पालक असा विचार करतात. आजच्या सिनेमात रक्ताचे पाट वाहतात, त्यापुढे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा बिनरंगी चित्रपट म्हणजे किस झाड की पत्ती! हे अनुमान तपासून पाहू.

शॉवरचा खून पडद्यावर पाऊण मिनिटाच्या आसपास चालतो. तेवढ्यासाठी हिचकॉकने सात दिवस चित्रण केले आणि सत्तरहून अधिक वेळा कॅमेऱ्याची जागा बदलली. सुरा अंगात घुसताना जवळजवळ कुठेच दिसत नाही. सुरा दिसतो, ओरडणारे तोंड दिसते, हात दिसतो, पाणी दिसते. मधली जखम पाहणाऱ्याचे मन स्वतः भरून काढते. रक्त म्हणून चॉकलेटचे सरबत वापरले होते आणि वारांचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळात सुरा खुपसून काढला होता. त्यावर बर्नार्ड हरमन यांचे संगीत आहे. त्यात फक्त तंतुवाद्ये आहेत आणि व्हायोलिन किंचाळल्यासारखी वाजतात. या प्रसंगाला संगीत नको असे हिचकॉकचे आधी मत होते. संगीतासह पाहिल्यावर त्याने ते बदलले.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, भीती रक्ताच्या रंगावर अवलंबून नसते. न दाखवलेले मन अधिक रंगवते, आणि मुलांचे मन तर मोठ्यांपेक्षा जास्त. दोन, या चित्रपटाची निम्मी भीती कानावाटे येते. एका खोलीच्या घरात मूल पांघरूण डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले आहे, म्हणून ते 'बघत नाही' असे समजू नये. ते ऐकत असते, आणि ऐकलेल्याला त्याचे मन चित्र जोडत असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भुताखेतांच्या चित्रपटातला ओसाड वाडा मुलाच्या घरापासून लांब असतो. 'सायको'त भीती कुठे ठेवली आहे ते पाहा. ती बाथरूममध्ये आहे, पडद्याच्या मागे आहे, घराच्या जिन्यावर आहे, दयाळू वाटणाऱ्या माणसात आहे आणि आईच्या आवाजात आहे. मुलाला जिथे सर्वांत सुरक्षित वाटते त्याच जागा चित्रपट एकेक करून हिसकावून घेतो. आंघोळ रोज करायची असते आणि मोरीत एकट्यानेच जायचे असते. त्यामुळे चित्रपट संपला तरी ती जागा रोज समोर येते.

हे फक्त लहानांनाच होते असेही नाही. मॅरियनची भूमिका करणाऱ्या जॅनेट ली यांनीच पुढे सांगितले, की पडद्यावर तो प्रसंग पाहिल्यानंतर त्या शॉवरखाली आंघोळ करायचे टाळू लागल्या. सरबत आणि फळ हे सगळे स्वतः जवळून पाहिलेल्या मोठ्या बाईची ही गत. मग आठ वर्षांच्या मुलाला 'अरे, ते खोटे असते' एवढे सांगून कसे भागेल?

कोणत्या वयाला कशाची भीती वाटते?

मुलांच्या भीतीला वयानुसार नियम असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधिका जोआन कॅन्टर यांनी टीव्ही-चित्रपटांमुळे मुलांना वाटणाऱ्या भीतीचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातला एक प्रयोग समजायला सोपा आहे. 'हल्क' या मालिकेत एक साधा माणूस संतापला की हिरवा राक्षसी देहाचा होतो आणि संकटात सापडलेल्यांना वाचवतो. शाळेत न जाणारी लहान मुले तो हिरवा झाल्यावर सर्वाधिक घाबरली. मोठी मुले त्याआधी, माणूस संकटात असताना घाबरली. तो हिरवा झाल्यावर त्यांना उलट धीर आला. म्हणजे लहान मूल दिसण्याला भिते आणि मोठे मूल घडू शकणाऱ्या धोक्याला भिते.

हा नियम 'सायको'ला लावून पाहू.

सात वर्षांपर्यंतचे मूल कथेचे रहस्य समजून घेणार नाही. त्याच्यासाठी किंचाळणे, सांगाड्याचा चेहरा आणि बाईचे कपडे घालून धावणारा माणूस एवढाच चित्रपट आहे. या वयात खरे आणि सोंग यातली रेघ पक्की नसते. 'ते खोटे आहे' हे वाक्य मूल तोंडाने म्हणते, पण पोटातली भीती त्याने हलत नाही.

आठ ते बारा वर्षांच्या मुलाला कथा कळू लागते आणि अडचण तिथेच होते. 'असे आपल्या घरी होऊ शकेल का? दाराला कडी आहे का? रात्री पप्पा उशिरा येतात, मग?' असे प्रश्न त्याला पडतात. न्यायाचा हिशोबही या वयात फार सरळ असतो. चुकले की शिक्षा, सुधारले की माफी. मॅरियन तर पैसे परत करायला निघाली होती, मग तिला का मारले? या प्रश्नाला चित्रपट उत्तर देत नाही. त्यातून मूल 'तिने चोरी केली म्हणून तसे झाले' असा चुकीचा अर्थ लावू शकते. शिवाय ज्या व्यक्तीचा हात धरून मूल कथेत शिरले, तीच पाऊण तासात नाहीशी होते. पुढचा तासभर हात धरायला कोणी उरत नाही.

तेरा वर्षांनंतर मुले ही रचना समजू शकतात. दिग्दर्शकाने आपल्याला मुद्दाम फसवले हे त्यांच्या ध्यानात येते आणि त्यात त्यांना मौजही वाटते. पण याच वयात मित्रांसमोर 'मी नाही घाबरत' असे दाखवण्याचा हट्टही असतो. म्हणून या वयातले मूल हसत आहे, याचा अर्थ त्याला काहीच झाले नाही असा घेऊ नये.

कॅन्टर आणि क्रिस्टन हॅरिसन यांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना विचारले, की लहानपणी टीव्हीवर किंवा चित्रपटात पाहिलेले काही असे आहे का, ज्याची भीती बराच काळ राहिली? दहापैकी नऊ जणांनी 'हो' म्हटले. सुमारे चौथाई जणांच्या मनात ती अस्वस्थता तोवर शिल्लक होती. हा अभ्यास आठवणींवर आधारलेला होता, त्यामुळे त्याला मर्यादा आहेत. तरी 'दोन दिवसांत विसरेल' हे आपले ठरलेले वाक्य प्रत्येक मुलाला लागू पडत नाही, एवढे त्यातून नक्की समजते.

सरकारी शिक्का किती उपयोगाचा?

इंग्लंडमध्ये १९६० साली 'सायको'ला 'एक्स' प्रमाणपत्र मिळाले. तेव्हा त्याचा अर्थ सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही असा होता. आज तिथे त्याला '१५' हे प्रमाणपत्र आहे. अमेरिकेत १९८४ साली त्याला 'आर' हा दर्जा मिळाला, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांसोबत पालक किंवा मोठे माणूस हवे. इतकी वर्षे लोटली, पडद्यावरची हिंसा कितीतरी पटीने वाढली, तरी या दोन्ही देशांत हा चित्रपट 'सर्वांसाठी' झालेला नाही. जुना म्हणजे सौम्य, या समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

आपल्या देशात 'यू', 'यूए' आणि 'ए' हे शिक्के आपल्याला माहीत आहेत. २०२३ च्या कायदा दुरुस्तीने 'यूए'चे तीन भाग झाले: सात वर्षांपुढे, तेरा वर्षांपुढे आणि सोळा वर्षांपुढे. इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांना २०२१ च्या नियमांनुसार असेच वयोगट दाखवावे लागतात आणि तेरा वर्षांपुढच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलूप द्यावे लागते. हे कुलूप म्हणजे आकडी संकेत असतो. घरातल्या मोठ्या मुलाकडून तो लावून घ्यावा आणि संकेत मात्र आपल्याजवळ ठेवावा.

पण 'यूए'चा शिक्का म्हणजे मनाई नाही, ती पालकांना केलेली सूचना आहे. आपले मूल कसे आहे हे शिक्का मारणाऱ्याला ठाऊक नसते. आणि मोबाईलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला कोणताच शिक्का नसतो. आज अनेक मुले 'सायको' पाहण्याआधी त्यातला फक्त शॉवरचा तुकडा पाहतात. ना मागची कथा, ना पुढची, उरते ती नुसती किंकाळी. पूर्ण चित्रपटापेक्षा हा तुकडा लहान मुलासाठी अधिक वाईट. म्हणून 'मी चित्रपट लावलाच नव्हता' एवढे म्हणून पालकांची जबाबदारी संपत नाही.

'सायको' हा शब्द आणि आजारी माणूस

भीतीचा विचार झाला. आता दुसरा परिणाम पाहू. तो झोपेवर होत नाही, समजुतीवर होतो, आणि त्याकडे पालकांचे लक्ष सहसा जात नाही.

शाळा-कॉलेजात 'तो सायको आहे' ही आता शिवी झाली आहे. कोणी एकटे बसले, स्वतःशी पुटपुटले, औषधाने सुस्त दिसले, की हा शब्द चिकटवला जातो. आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात मानसिक आजाराचे उपचार घेणारी माणसे आहेत. कोणाची मावशी आहे, कोणाचा चुलता आहे, कोणाची आईच आहे. अशा घरातल्या मुलाने 'सायको' पाहिला तर त्याला काय वाटेल? 'माझी आई पण अशीच होईल का?' हा प्रश्न ते कोणाला विचारणार नाही. ते मनात ठेवील आणि आईपासून थोडे लांब झोपू लागेल.

म्हणून पालकांना पुढील गोष्टी नीट माहीत हव्यात.

मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करत नाहीत. उलट मारहाण, फसवणूक, हेटाळणी त्यांच्याच वाट्याला अधिक येते.

एका व्यक्तीत दोन व्यक्तिमत्त्वे दिसणे हा विकार विरळा आहे. त्याचा संबंध बहुधा बालपणी सोसलेल्या गंभीर आघाताशी असतो. स्किझोफ्रेनिया हा वेगळा आजार आहे. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो.

नॉर्मन बेट्स हे काल्पनिक पात्र आहे. रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ सालच्या कादंबरीतून ते आले. विस्कॉन्सिनमधल्या १९५७ सालच्या एका गुन्ह्याच्या बातमीवरून लेखकाला कल्पना सुचली, पण कथा त्याची स्वतःची आहे. मुलाने 'हे खरेच घडले का?' असे विचारले तर एवढेच उत्तर पुरे. 'मुळीच नाही' म्हणून खोटे बोलू नये आणि गुन्ह्याचा तपशीलही सांगत बसू नये. शेवटच्या प्रसंगातला तज्ज्ञ ठासून बोलतो, म्हणून ते वैद्यकशास्त्र समजू नये. तो कथा मिटवण्यासाठी आणलेला संवाद आहे.

आणखी एक. नॉर्मनने आईचे कपडे घातलेले दाखवले आहेत, म्हणून वेगळा पेहराव करणारी किंवा तृतीयपंथी माणसे धोकादायक असतात, असा अर्थ मुले काढू शकतात. तो चुकीचा आहे, हे पालकांनी आपणहून सांगावे.

या चित्रपटात एक जागा अशीही आहे जी मोठ्या मुलांशी बोलायला फार उपयोगी पडते. खुनाच्या आधी मॅरियन आणि नॉर्मन कार्यालयामागच्या खोलीत बसून बोलतात. ती सुचवते, की आईला कुठेतरी ठेवले तर बरे. नॉर्मन एकदम चिडतो आणि वेड्यांच्या इस्पितळात माणसांचे काय होते, लोक त्यांच्याकडे कसे बघतात, हे बोलून दाखवतो. बोलणारा कोण आहे हे बाजूला ठेवून त्या बोलण्यात काय खरे आहे, असे मुलांना विचारावे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजारी माणसाला सन्मानाने जगण्याचा आणि उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, हेही त्या निमित्ताने सांगता येईल.

मग निर्णय काय?

या अभ्यासातून निघणारा आमचा सल्ला असा:

बारा वर्षांपर्यंत: दाखवू नये. पालक शेजारी असले तरीही नाही. घरात मोठी माणसे पाहत असतील तर मुले झोपल्यावर आणि कानाला इअरफोन लावून पाहावे.

तेरा ते पंधरा: सरसकट परवानगी नको आणि सरसकट बंदीही नको. मूल कसे आहे ते पाहावे. आधी स्वतः चित्रपट पाहावा, मग सोबत बसून दाखवावा.

सोळा आणि पुढे: पाहण्यास हरकत नाही. पाहिल्यावर बोलणे मात्र व्हावे.

वय हा पहिला निकष आहे, एकमेव नव्हे. पुढीलपैकी काही असेल तर सोळाव्या वर्षीही घाई करू नये: मुलाने घरात किंवा बाहेर मारहाण, हल्ला प्रत्यक्ष पाहिला किंवा सोसला आहे, नुकताच घरात मृत्यू झाला आहे, मुलाला आधीपासून चिंता, झोपेचा त्रास आहे, घरात कोणी मानसिक आजारी आहे आणि त्याबद्दल मुलाशी अजून कोणी मोकळेपणी बोललेले नाही. ज्याने रात्री दारावर पडलेल्या लाथा ऐकल्या आहेत, त्याला पडद्यावरची लाथ हे सोंग वाटत नाही.

दाखवायचे ठरले तर

१. दिवसा दाखवावे. झोपण्याआधी नको.

२. 'नको वाटले तर बंद करू, त्यात लाज नाही' हे आधीच सांगावे आणि तसे वागावे. मोठ्या भावाने चिडवायचे नाही हेही ठरवून घ्यावे.

३. शॉवरचा प्रसंग येणार आहे याची कल्पना द्यावी. त्याने रहस्य फुटत नाही, मनाची तयारी होते.

४. पाहून झाल्यावर तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहण्याचा प्रयोग करावा, अर्थात मूल तयार असेल तरच. संगीत गेले की भीती किती उतरते ते स्वतःच कळते. सुरा कुठे लागला हे शोधायला सांगावे. सरबताची आणि फळाची हकीकत सांगावी. भीती कशी तयार केली जाते हे कळले, की ती हाताळता येते. पण ही युक्ती मोठ्या मुलांसाठी आहे. लहानांना ती लागू पडत नाही.

५. 'सायको' हा शब्द आपण कोणासाठी वापरतो, हा प्रश्न शेवटी विचारावा.

मुलाने आधीच पाहिला असेल आणि घाबरले असेल तर

रागावू नये. 'कोणी दाखवला?' ही चौकशी नंतर. 'मुलगा असून घाबरतोस?' किंवा 'भित्री भागूबाई' असे म्हणू नये. त्याने भीती जात नाही, फक्त ती सांगणे बंद होते. भीड चेपावी म्हणून पुन्हा तोच प्रसंग दाखवणे ही तर शिक्षाच आहे.

लहान मुलाला समजावण्यापेक्षा जवळ घ्यावे. हात धरावा, पाणी द्यावे, रात्री मंद दिवा ठेवावा. मोरीत जाताना पहिले काही दिवस बाहेर उभे राहून बोलत राहावे. मग दाराशी, मग थोडे लांब, असे हळूहळू अंतर वाढवावे. एकदम सोडू नये आणि कायमची सोबतही लावू नये. मोठ्या मुलाला बोलते करावे, प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. कडी दोघांनी मिळून तपासावी.

बाहेरची बाधा झाली, नजर लागली म्हणून उतारा, गंडा-दोरा, भगत यांच्या मागे जाऊ नये. त्याने मुलाची खात्रीच पटते, की खरोखर काहीतरी आहे. भीतीचे कारण पडद्यावर होते, ते तिथेच दाखवून द्यावे.

बहुतेक मुले काही दिवसांत सावरतात. पण दोन-तीन आठवडे उलटूनही झोप नीट लागत नसेल, अंथरुणात लघवी पुन्हा सुरू झाली असेल, जेवण तुटले असेल, शाळेत जायला नकार असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात सल्ला मिळतो. 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. मूल घाबरण्याचे कारण चित्रपट नसून घरातली किंवा बाहेरची खरी मारहाण, छळ आहे असे लक्षात आले, तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करावा.

अभ्यासासाठी प्रश्न

महिला मंडळाच्या किंवा पालकांच्या बैठकीत पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

१. आपल्या घरात रात्री नऊनंतर टीव्हीवर काय चालते आणि त्या वेळी लहान मुले कुठे असतात?

२. आपल्या मुलाने गेल्या महिन्यात मोबाईलवर काय पाहिले हे आपल्याला माहीत आहे का? ते आपणहून सांगते का? सांगत नसेल तर कशाला भिऊन सांगत नाही?

३. 'वेडा', 'सायको' हे शब्द आपण घरात कोणासाठी वापरतो? मुले ते ऐकतात का?

४. एखादा चित्रपट 'चांगला' आहे आणि तो 'माझ्या मुलासाठी आज योग्य' आहे, या दोन गोष्टींत फरक काय?

शेवटच्या प्रश्नात आजचा सगळा धडा आहे. 'सायको' हा चांगला चित्रपट आहे यात वाद नाही. पण चांगले पुस्तकसुद्धा आपण मुलाच्या इयत्तेप्रमाणे देतो. दहावीचे गणित तिसरीच्या मुलापुढे ठेवून 'आइनस्टाइन थोर होता' असे म्हणत नाही. चित्रपटालाही तोच न्याय लावावा. कोणी थोर म्हटले म्हणून दाखवू नये आणि कोणी वाईट म्हटले म्हणून बंदी घालू नये. आधी स्वतः पाहावे, मग आपल्या मुलाकडे पाहावे आणि त्यानंतर ठरवावे. सोळाव्या वर्षी पाहिला तर चित्रपट तोच राहील. सहाव्या वर्षी पाहिला तर मोरीच्या दाराशी मूल कितीतरी रात्री एकटेच उभे राहील.